कोरडवाहू

लेबलवर आपल्या गावाचं नाव वाचून धैर्यशीलरावांनी मला नेरूळच्या फ्लॅटवर बोलावलं होतं. पाहुण्यांना माझी रेड वाइन ओतता ओतता मी सांगत होते, "कोरडवाहू द्राक्षांची आहे. वेलींना आम्ही पाणी देत नाही. मुळं खोल जातात, द्राक्ष बारीक राहतं, पण रस दाट उतरतो."

धैर्यशीलरावांनी सुक्या मटणावर एक मोठा घोट घेतला. "जांभूळ, काळी मिरी, आणि मागून तापल्या दगडाचा वास. आमचा माळ आहे हा, आमचा!" मग माझ्याकडे वळले. "गावात कुणाची गं तू?"

"बौद्धवाड्यातल्या अंकुश सोनकांबळेंची."

त्यांनी अर्धा भरलेला ग्लास टेबलावर ठेवला आणि रुमालाने ओठ पुसले. पुन्हा पुन्हा पुसले.

शेजारच्या बाईंचं लक्ष नव्हतं. त्या दुसरा ग्लास पुढे करत म्हणाल्या, "पाणी न देण्याची आयडिया भारी आहे हां. कुणाची?"

"यांच्या वडिलांची," मी ग्लास काठोकाठ भरत म्हणाले. "कालव्याचा पाट आमच्या बांधापाशी त्यांनीच बुजवला."