मास्तरांची नवी विद्यार्थिनी

फ्रेंचच्या म्हाताऱ्या मास्तरांची शेवटची विद्यार्थिनीही शिकवणी सोडून गेली. तरी संध्याकाळ झाली की ते खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालत राहायचे. एक दिवस बायकोने मटार सोलणं अर्धवट टाकलं आणि ती त्या मुलीच्या खुर्चीत जाऊन बसली.

"कुठवर आला होतात? तिथून पुढे मला शिकवा."

"अगं, भूतकाळातली इच्छार्थी क्रियापदं चालली होती. मुलं रडकुंडीला येतात त्यांनी. शिवाय हल्ली ती नुसती जुन्या पुस्तकांत सापडतात, कुणी बोलत नाही."

"कुणी बोलत नाही? मग आपल्या घराला शोभतील."

मास्तर जागच्या जागी थांबले.

"बघताय काय? करा सुरू," ती म्हणाली. "आणि मी चुकले तर चांगलं ओरडा. तेवढाच घरात माणसाचा आवाज होईल."