गाळणी

वक्तृत्वाच्या तासाला आता नववीतली गौतमी एकटीच उरली होती. दुर्वे सर तिच्याकडे पाठ करून 'इथे आवाज चढवा', 'इथे क्षणभर थांबा' या फळ्यावरच्या जुन्या सूचना पुसत होते. फसवे फोन वाढले तशी प्रत्येकाच्या कानात गाळणी आली. ती बोलण्यातलं आर्जव, भावना गाळून फक्त माहिती आत सोडायची. स्पर्धेचे परीक्षकसुद्धा ती लावूनच बसत. मग शिकवायचं तरी काय?

"सर, बाबा ऑपरेशनला नाही म्हणतात. डॉक्टर म्हणाले, उशीर करू नका. बाबांपुढे बोलायला, त्यांना पटेल असं काहीतरी लिहून द्या." गौतमीचा सपाट आवाज आला.

"त्यांच्या कानात गाळणी असेल तर लिहून काय उपयोग? आधी ती काढायला लाव."

"रोज विनवते, सर. ती विनवणी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही."

दिवसभराच्या वापराने सरांचा कान ठणकत होता, म्हणून फळ्याकडे तोंड करूनच त्यांनी स्वतःची गाळणी काढली.

"काहीतरी लिहून द्या ना, सर," गौतमी पुन्हा म्हणाली.

सरांचा हात फळ्यावरच थांबला. ती मघापासून रडत बोलत होती.