रिकाम्या पत्त्याची तपासणी

“ही तपासणी काढू नकोस हं,” काका तिच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत म्हणाले. “आज तिच्याच जोरावर साक्ष द्यायचीय मला.”

ती टीममध्ये नवी होती; काका तिथले सगळ्यात जुने इंजिनिअर, सगळे त्यांना काकाच म्हणत. श्वास देणाऱ्या यंत्राच्या ड्रायव्हरमधले, म्हणजे यंत्राची त्याच्या सेन्सरशी गाठ घालून देणाऱ्या कोडमधले, अनावश्यक नल चेक, म्हणजे पत्ता रिकामा आहे का हे बघणाऱ्या तपासण्या, काढायचं काम तिच्याकडे होतं. कोड तपासणाऱ्या टूलने जागोजाग खुणा करून दिल्या होत्या. त्यातली ही ओळ काकांनी स्वतः लिहिलेली. सेन्सरची वायर निघाली की त्याचा पत्ता रिकामा होतो. पत्ता रिकामा असेल तर सेन्सरचा नाद सोड, पण श्वास चालू ठेव, एवढंच ती ओळ सांगत होती.

अतिदक्षता विभागात एक पेशंट दगावला होता. यंत्र मध्येच बंद पडलं होतं. खाट सरकवताना वायर निघाली आणि यंत्र आपोआप थांबलं, असं नर्स म्हणत होती. वायर निघून आमचं यंत्र थांबूच शकत नाही, बाईंनीच ते बंद केलं, असं कंपनी म्हणत होती. दुपारी चौकशी समितीपुढे काका तेच सांगणार होते. मग बाईंची नोकरी जाणार आणि पाठोपाठ खटला.

“पण टूल अनावश्यक म्हणतंय, काका.”

“टूलचं काय जातंय? त्याला थोडंच साक्षीला उभं राहायचंय!”

“तुम्ही वरची ओळ वाचा ना.”

काकांनी वाचली. वरच्या ओळीत कोड त्याच पत्त्यावर जाऊन दाबाचा आकडा मागत होता. पत्ता रिकामा असला तर सगळं तिथेच कोसळणार होतं. तपासणीपर्यंत पोचायला काही उरणारच नव्हतं; म्हणूनच टूल तिला अनावश्यक म्हणत होतं.

काका खुर्ची ओढून बसले. त्यांनी पुन्हा वाचलं, या वेळी स्क्रीनवर बोट ठेवून. मग चष्मा काढला आणि तसाच हातात धरून राहिले.

“म्हणजे त्या बाई खरं बोलतायत,” ती हळूच म्हणाली.

काकांनी होकारार्थी मान हलवली. तेवढ्यात खाली गाडी आल्याचा फोन आला. ते उठले, शर्ट नीट खोचला, दारापर्यंत जाऊन वळले.

“तपासणी एक ओळ वर घे,” ते म्हणाले.

तिला हायसं वाटलं.

“पण आज नको. साक्ष झाल्यावर. उद्या.”