हुआंगबाईंचं मत

"शेवट साफ खोटा आहे," हुआंगबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तक टेबलावर पालथं टाकलं. "बाकी झकास. शेवट तेवढा खोटा."

युंग-फूच्या हातातला चहा हातातच राहिला.

तायनानच्या त्या गल्लीत ग्वेइमावशी भाड्याने पुस्तकं देत. महिन्यातून एकदा दुपारी त्या नेहमीच्या वाचकांना बोलावत, शेंगदाण्याची चिक्की पुढे ठेवत आणि एखाद्या कादंबरीवर मनसोक्त तोंडसुख घेऊ देत. आजची कादंबरी युंग-फूच्या बायकोची, वेन-शीची. तिची पहिलीच. ऐकायला तो मुद्दाम च्यायीहून आला होता.

"लेखिकाबाई का नाही आल्या?" मावशींनी विचारलं.

"तिला माणसांत यायला जमत नाही. मी घरी जाऊन सगळं सांगतो."

"आमच्या शिव्यासुद्धा?"

"शब्द न् शब्द. काही गाळलं तर सासूबाई मला जेवू घालायच्या नाहीत."

सगळे हसले. युंग-फूही हसला, पण त्याचा जीव टांगणीला लागला होता. हे प्रेम वाचणाऱ्याला खरं वाटलं पाहिजे, एवढीच वेन-शीची इच्छा. पुस्तक किती खपतं याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

"मला विचाराल तर," बसचालक ल्याओ चिक्की चावत म्हणाला, "मी दोन थांबे विसरलो या पुस्तकापायी. लोकांनी आरडाओरडा केला. काय सुरुवात आहे! पोरगा पुलावरून चाललाय, वाटेत लाल पाकीट. कुणाचं तरी पडलं असेल, परत देऊ, म्हणून उचलतो. आणि झुडपातून म्हातारी बाहेर! 'सापडलात, जावईबापू!' पाकिटात तिच्या मेलेल्या लेकीचे केस. उचललंस ना, आता कर लग्न!"

"त्यात नवल काय?" मावशी म्हणाल्या. "माझ्या आजोळी झालंय असं. बिनलग्नाची पोर गेली की तिला घर नाही, तिच्या नावाचा दिवा लावणारं कुणी नाही. आई करणार काय?"

"पण पुढे ती स्वप्नात येऊन सांगते, मी पडले नाही, मला काकाने ढकललं! आणि आता तो तुझ्या मागावर आहे! माझ्या अंगावर काटा आला हो."

"काका मी पहिल्याच प्रकरणात ओळखला," हुआंगबाई म्हणाल्या. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाई. त्यांच्यापुढे कुणाचं काही लपत नसे. "तक्रार त्याची नाही. खुनी सापडला, भूत शांत झालं. मग या पोराने दुसरी, हाडामांसाची बायको करावी की नाही? रीतही आड येत नाही. सगळे तेच करतात. हा मात्र जन्मभर देव्हाऱ्यातल्या तिच्या नावाच्या पाटीशी गप्पा मारत बसतो! लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकतो. एक पालथी पडली, एक उताणी, की म्हणे ती 'हो' म्हणाली. दोन्ही पालथ्या, की 'नाही'. दोन्ही उताण्या पडल्या, तर म्हणे हसली! हसली कसली, डोंबल!"

"मला पटला तो," मावशी हळूच म्हणाल्या. "मी रडले."

"तू सगळ्यालाच रडतेस."

युंग-फूने घसा खाकरला. "आवडतं एखाद्याला. घरी गेल्यावर दिवसभराचं सांगायला कुणीतरी असतं."

"तुम्ही नवरा आहात, तिचीच बाजू घेणार," हुआंगबाई म्हणाल्या. "तुमचं लग्न जमलं तरी कसं?"

"सासूबाईंनी पुढाकार घेतला."

"आणि तिने हो म्हटलं?"

"पहिल्याच खेपेला," युंग-फू म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. ल्याओने टेबलावर थाप मारली.

बैठक मोडली. हुआंगबाई निघून गेल्या आणि त्यांचं चष्म्याचं घर टेबलावरच राहिलं. युंग-फू ते घेऊन धावत सुटला. बसच्या थांब्यावर त्याने त्यांना गाठलं तेव्हा त्याला धाप लागली होती.

"अहो, ग्वेइकडे ठेवायचं की! एवढं धावत कोण येतं हल्ली?" त्यांनी घर पर्समध्ये टाकलं आणि त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. आवाज उतरला. "खरं सांगू? शेवट मी तीनदा वाचला. खोटा आहे म्हणून रागावले, कारण खरा असावा असं फार वाटलं. बायकोला माझा एक प्रश्न विचारा. असा माणूस तिने कुठे पाहिला?"

"विचारतो," युंग-फू म्हणाला आणि वाकून त्याने त्यांचे आभार मानले. परतीच्या वाटेभर त्याला भरून येत होतं. तीन अनोळखी माणसं वेन-शीच्या पुस्तकावर भांडली होती. याहून जास्त काय हवं?

घरी सासूबाईंनी मुळ्याच्या वड्या तळल्या होत्या. "आधी तिला सांग, मग जेव," त्या म्हणाल्या.

त्याने सगळं सांगितलं. ल्याओचे चुकलेले थांबे, मावशींचं रडणं, हुआंगबाईंचं डोंबलसुद्धा. शेवटी म्हणाला, "त्या विचारतायत, असा माणूस तू कुठे पाहिलास?"

मग त्याने उदबत्ती लावली, लाकडाच्या दोन्ही चंद्रकोरी ओंजळीत घेतल्या आणि वेन-शीच्या नावाच्या पाटीसमोर टाकल्या.

दोन्ही उताण्या पडल्या.

"हसली बघ," सासूबाई म्हणाल्या आणि बाहीने डोळे टिपत त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "जाण्याआधी ही गोष्ट लिहून ठेवून गेली होती पोर. म्हणून तर मी पुलावर पाकीट टाकलं."