गावाची लोकसंख्या

त्र्यंबकजवळच्या आपल्या गावाचं विकिपीडियावरचं पान आल्हाद सात वर्षं राखत होता. पुराव्याशिवाय केलेला बदल तो पुसायचाच, म्हणून विकीवाल्यांचा त्याच्यावर भरवसा.

त्या दुपारी त्याची बायको आभा नाशिकच्या दवाखान्यात बाळंत होत होती. बाहेर बाकावर बसलेल्या आल्हादला मोबाइलवर दिसलं, कुणीतरी गावाची लोकसंख्या ६१२ची ६१३ केली होती. तेवढ्यात आत बाळ रडलं. "संदर्भ नाही," असं लिहून त्याने सवयीने बदल उलटवला.

रडणं एकदम थांबलं.

"सिस्टर, बाळ गप्प का झालं?" आतून आभाचा आवाज आला.

आल्हादने झटकन ६१३ परत आणलं. बाळाने टाहो फोडला. आल्हादचे हात आपसूक जोडले गेले.

मोबाइलवर आकडा पुन्हा बदलला. ६१४.

"डॉक्टर," आत सिस्टर ओरडली, "अजून एक आहे!"