दोरीवरचा देव

नाटकाच्या शेवटी देव आकाशातून उतरून सगळं निस्तरायचा. म्हणजे अथेन्सचा फिलोन कुंभार मुखवटा चढवून ओझी उचलणाऱ्या लाकडी यारीच्या दोरीनं खाली यायचा. आज यारी मध्येच अडकली आणि देव लटकला.

प्रेक्षक हसत घरी जातील म्हणावं, तर खाली रांगच लागली. कुणाची शेळी आटली होती, कुणाला सासूचा खोकला थांबवून हवा होता.

"अरे, मी तुमच्या गल्लीतला फिलोन!" तो ओरडला. मुखवट्यात आवाज असा घुमला, की सगळे गुडघ्यांवर आले.

शेवटी त्याची बायको पुढे आली. तिनं मधाची वाटी ठेवून आभाळाकडे हात पसरले. "देवा, माझ्या नवऱ्याला सुखरूप खाली उतरव."

"तथास्तु," फिलोन नाइलाजानं म्हणाला, आणि कुणी ऐकलं का ते बघायला त्यानं हळूच वर पाहिलं.