आत्याचं नाक

“ही गेली,” आत्या म्हणाली.

भाच्यानं पिशवी बाजूला टाकली आणि पुढची तिच्यासमोर धरली. आत्यानं चष्मा नीट बसवला, मग पिशवीच्या तोंडावरच्या कापसाच्या बोळ्याशी नाक नेलं.

“ही राहू दे.”

“वास घ्यायला चष्मा कशाला लागतो गं?”

“तुला नाक पुसायला बाही कशाला लागते?”

तळघरात रोज सकाळी हेच चालायचं. चार कॅफेंमधून कॉफीचा चोथा यायचा, तो पिशव्यांत भरून त्यावर मशरूम वाढवायचे. एखादी पिशवी आतून आंबून तापली तरी बाहेरून दिसत नाही, आणि जाताना शेजारच्या चार घेऊन जाते. म्हणून नाक हवं. येणारे-जाणारे म्हणायचे, काय घमघमाट आहे हो कॉफीचा! भाचा म्हणायचा, आहेच.

त्याला वर्षभर कशाचाच वास येत नव्हता. गेल्या वर्षीच्या तापात आत्या आणि तो, घरात दोघंही आडवे होते. ताप उतरला, जाताना वास घेऊन गेला. मग बाकीचंही हळूहळू बोथट झालं. जेवण पुठ्ठ्यासारखं लागायचं. ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा तो “बरं” म्हणाला आणि पिशव्यांवर पाणी मारायला गेला. काही पिशव्या हाताला कोमट लागायच्या, तेव्हा कपाळावर एक आठी पडायची. जाणवायचं ते तेवढंच. नाकाचं त्यानं कुणाला सांगितलं नाही. धंद्याची कल्पना त्याचीच होती.

मंगळवारी शेजारीण दार बडवत आली. “अहो, दूध करपलंय! जिनाभर वास सुटलाय!”

दोघं शेगडीपासून चार हातांवर बसून पिशव्यांना दोरे बांधत होते.

“आम्ही काम करताना इकडेतिकडे लक्ष देत नाही,” आत्या म्हणाली.

त्याच दुपारी हॉटेलचा शेफ आला. रोज वीस किलोंची ऑर्डर होती. ती हुकली तर महिनाअखेर तळघर सोडायचं आणि भाच्यानं दाजींच्या टायरच्या दुकानात परत जायचं, असं घरात ठरलं होतं.

“मालाची खात्री कोण देतं?” शेफनं विचारलं.

“आत्याचं नाक.”

शेफ हसला नाही. “दाखवा.”

त्यानं मांडणीवरच्या, आत्यानं अजून न बघितलेल्या दोन पिशव्यांवर बोट ठेवलं. भाच्यानं एकेक करून त्या धरल्या. आत्यानं चष्मा पुसला, घातला, नाक पुढे केलं.

“पहिली चांगली आहे. दुसरी गेली.”

शेफनं दुसरी चिरली. आतला चोथा चिकट, शेवाळी झालेला. शेफनं पटकन नाकाला रुमाल लावला. भाच्यानंही घाईघाईनं नाक धरलं. त्याचं बघून आत्यानंही.

“कमाल आहे बुवा,” शेफ रुमालाआडून म्हणाला आणि सही करून निघून गेला.

दोघं पायरीवर बसले. आनंद व्हायला हवा होता. भाच्यानं थोडा वेळ वाट पाहिली.

“आत्या, आता लपवत नाही. तापानंतर मला वासच येत नाही. सगळं तुझ्या नाकावर चाललंय.”

आत्यानं चष्मा काढला. बराच वेळ काचा पुसत राहिली.

“अरे,” ती म्हणाली, “मी वर्षभर तुझं तोंड बघून सांगतेय.”